जिनिंगची पांढरी भिंत

१

तो आवाज सरदार मिस्त्रीनं पहिल्यांदा ऐकला त्याला आता बरीच वर्षं झाली. बारीक आवाज होता. पितळेच्या ताटाच्या काठावरून कुणी ओलं बोट फिरवावं, आणि ते ताट आपल्या घरात नसून शेजारच्या घरात असावं, तसा. आवाज आला, वर चढला, ऐकू येईनासा झाला, आणि मग उजेड पडला.

उजेड एका लाल गाडीचा होता. दारव्ह्यात तशी गाडी त्याआधी कुणी पाहिली नव्हती. बुटकी, दोनच माणसांची, शर्यतीत पळवायला केलेली. जपानी होती आणि वयानं बरीच जुनी. तिचे दिवे नाकात झाकलेले असायचे. बटण दाबलं की झोपलेल्या जनावरानं पापणी उचलावी तसे वर यायचे. पुसदच्या एका ठेकेदाराचा मुलगा इंद्रजीत, त्यानं ती पुण्याहून जुनीच आणली होती आणि तिच्यात कुठूनतरी झेनॉनचे दिवे बसवून घेतले होते. आपला नेहमीचा दिवा पिवळा असतो. हा दुधासारखा पांढरा, जरासा निळ्याकडे झुकलेला.

"डाव्याले काय झालं समजत नाही, चाचा," इंद्रजीत म्हणाला. "लागते, दोनदा मिचकावते अन् मरते. उजवा एकदम मस्त आहे."

"डोळा मारते म्हणजे अजून जवान आहे गाडी," सरदार म्हणाला.

तो बोलायचा हळू आणि थोडं. यवतमाळ रोडला त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं, मागं घर. काम संपलं की तो ड्रायव्हरला दोनच शब्द सांगायचा, "जा आता." त्या दोन शब्दांवर माणसं पावसापाण्याची, अंधाराची गाडी काढायची. सरदारनं म्हटलं ना जा, मग मागं वळून पाहायचं काम नाही, असं स्टँडवर बोलायचे. सरदारची कमाई म्हणाल तर तेवढीच होती.

त्या वेळी दुकानासमोर धावजी बसला होता. तांड्यावरचा धावजी दारव्ह्याहून आपली जुनी जीप चालवायचा. बाजाराच्या दिवशी तांड्यातल्या बाया भाजीपाला, तेलमीठ घेऊन त्याच्याच जीपनं परत जायच्या. वाटेत नाल्यावर रपटा होता, म्हणजे बुटका पूल, सिमेंटचा, बिनकठड्याचा. धावजीच्या जीपचे दिवे कंदिलाएवढे.

"पहा नं चाचा, काय उजेड आहे," धावजी म्हणाला. "माह्या गाडीले असा असता तर रपट्यावर जीव मुठीत धरा लागला नसता. मी तं तिथं अंदाजानंच चालवतो. मागं बाया गाणे म्हणत राह्यते, त्यायले वाटते धावजीले दिसते."

"जीप विक अन् टॉर्च घे," इंद्रजीत हसला.

धावजीही हसला. त्याला कुणाचा राग यायचा नाही.

२

दुसऱ्या दिवशी इंद्रजीत गाडी ठेवून गेला आणि सरदार कामाला लागला.

झेनॉनच्या दिव्याला मागं एक डबी असते. ट्यूबलाईटला चोक असतो ना, तशी. बॅटरीचा करंट ती वाढवते आणि बल्बला देते. सुरू होताना ती हावऱ्यासारखा करंट ओढते, मग शांत होते. ज्यानं कुणी हे दिवे बसवले होते त्यानं डबीला जुन्या दिव्याचीच बारीक वायर जोडली होती. बारीक वायर एवढं पुरवू शकत नाही. डबी दोनदा प्रयत्न करते आणि सोडून देते. त्यात अर्थिंगची वायर रंगावरच स्क्रूनं आवळलेली होती. रंगातून काय अर्थ मिळणार.

सरदारनं बॅटरीवरून थेट जाड वायर ओढली, फ्यूज टाकला, रिले बसवला. अर्थच्या जागी पॉलिश पेपर मारून पत्रा चांदीसारखा उघडा केला. हे काम त्याला आवडायचं. रोग कुठं आहे ते एकेक करून शोधायचं, जे चांगलं आहे ते बाजूला सारायचं, शेवटी जे उरतं तो रोग. आयुष्यभर हा हिशेब चुकला नव्हता.

दिवेलागणीला त्यानं गाडी रस्त्यापलीकडे नेली. तिथं जिनिंग फॅक्टरीची लांब पांढरी भिंत होती. हंगामात तिच्यापुढं कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, दिवे तपासायला जागा मिळायची नाही. त्या साली जिनिंगला कुलूप होतं. भिंतीपुढं नुसती गिट्टी आणि वाळलेला धोत्रा. सरदारनं भिंतीवर गेरूची एक आडवी रेघ मारून ठेवली होती. उजेड त्या रेघेच्या खाली राहिला पाहिजे, समोरच्याच्या डोळ्यात जाता कामा नये. तालुक्यातल्या किती गाड्यांनी त्या रेघेला नजर लावली असेल.

त्यानं बटण दाबलं. पापण्या उचलल्या. तो बारीक आवाज चढत गेला आणि नाहीसा झाला. दोन्ही दिवे लागले आणि लागूनच राहिले.

उजवीकडचा उजेड स्वच्छ होता. डावीकडच्या उजेडात कुणीतरी उभं होतं.

३

"ओ भाऊ, बाजूले सरका," सरदार म्हणाला.

मग त्याला दिसलं की समोर कुणी नाही. गिट्टी होती, धोत्रा होता. भिंतीवर मात्र माणसाची सावली होती, पाय भिंतीच्या बुडाशी, उंची माणसाएवढी. एक खांदा दुसऱ्यापेक्षा उतरलेला.

सरदार खाली उतरला. काचेवर काहीतरी असेल. त्यानं रुमालानं काच पुसली. काच स्वच्छच होती. शिवाय काचेवरच्या डागाचा भिंतीवर नुसता धूसर ठिपका पडतो, हे त्याला ठाऊक होतं. डागाला खांदे नसतात.

दिवे बंद केले. गार होऊ दिले. डाव्याचा बल्ब उजव्याला लावला, उजव्याचा डाव्याला. पुन्हा लावून पाहिलं. सावली डावीकडेच. म्हणजे बल्बात दोष नाही. मग त्यानं डब्यांची अदलाबदल केली. आवाज चढला, नाहीसा झाला, उजेड पडला.

सावली उजवीकडं गेली होती.

तो सीटवर बसून राहिला. हिशेबानं उत्तर आलं होतं. दोष एका डबीत आहे. पण डबीतून फक्त करंट जातो. करंटमधून सावली कशी जाईल? त्यानं हिशेब मनात पुन्हा मांडला, पुन्हा तेच आलं.

आणि सावली मघापेक्षा मोठी होती.

त्याचा अर्थ समजायला त्याला मिस्त्री असण्याची गरज नव्हती. त्याची लेक आरिफा लहान असताना, लाईट गेली की तो चिमणीपुढं हात धरून तिला भिंतीवर ससा करून दाखवायचा. हात चिमणीजवळ नेला की ससा मोठा व्हायचा आणि ती खिदळायची. सावली मोठी झाली म्हणजे जे काही आहे ते भिंतीपासून निघून दिव्याकडं आलं.

मशिदीत रात्रीच्या नमाजाची अजान झाली. सरदारनं दिवे बंद केले. गाडी दुकानाकडं आणताना त्यानं ती उलटी, मागं मागं आणली. भिंतीकडं पाठ करवली नाही.

४

"डबी खराब निघाली," त्यानं इंद्रजीतला सांगितलं. "हा माल टिकत नाही. साधे पिवळे लावून देल्ले. रस्ता चांगला दिसंल."

"म्हणजे चाचा हरले?"

"हरलो."

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. ते इतकं सहज जमलं याचंच त्याला नवल वाटत राहिलं.

"राहू द्या मग ते पांढरे तुमच्याजवळच. नाहीतर भंगारात टाका," म्हणून इंद्रजीत गेला. लाल गाडी पुन्हा कधी दारव्ह्यात आली नाही.

भंगारात टाकायला हवं होतं. सरदारनं टाकलं नाही. टाकलं म्हणजे आपण ते खरं मानलं, असं होईल असं त्याला वाटलं. त्यानं आयुष्यात चालू माल कधी फेकला नव्हता, आणि हा माल तर चालूच होता. दोन्ही डब्या आणि बल्ब जुन्या बनियनमध्ये गुंडाळून त्यानं फळीवर ठेवले.

दुपारी त्याची बायको हमीदा आतून दुकानात आली. तिच्या हाताला कणीक लागलेली होती.

"अजी, हे काय वाजून राह्यलं?"

"कुठं काय?"

"असं बारीक. मघापासून. कणीक मळता मळता माझे हातच थांबले."

सरदारनंही ऐकलं. आवाज चढत होता. नेहमी ज्या जागी तो नाहीसा व्हायचा तिथं नाहीसा होत नव्हता, तिथंच थरथरत होता. फळीवरच्या बनियनला वायर जोडलेली नव्हती, बॅटरी चार हात लांब होती.

"पंख्याचं बेअरिंग असंल," तो म्हणाला.

हमीदानं वर पाहिलं. लाईट गेलेली होती, पंखा थांबलेला होता. "जे काय असंल ते, घरात नका ठेवू," एवढंच म्हणाली.

बाहेर धावजी नेहमीसारखा येऊन बसला होता. प्रवासी भरेपर्यंत तो तिथंच बसायचा. सरदार त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिला.

५

"धावजी, तुले ते पांढरे दिवे लावून देतो."

"थट्टा करता काय चाचा? मले कुठं परवडते?"

"फुकट. माल पडून आहे."

"फुकट काहून?"

सरदारनं फळीकडं पाहिलं. "रपट्यासाठी," तो म्हणाला.

धावजीचे डोळे भरून आले. तो वाकला आणि सरदार मागं सरकायच्या आत त्याच्या पायाला हात लावून मोकळा झाला. "याडीले सांगतो, चाचानं मले डोळे देल्ले." याडी म्हणजे त्याची आई.

सरदारनं मनाला समजावलं. एका गाडीतला दोष दुसऱ्या गाडीत जातोच असं नाही. लाल गाडीचा पत्रा वेगळा, बॅटरी वेगळी. जीपला काही होणार नाही. असं समजावत त्यानं काम केलं, आणि काम इतकं नेटकं केलं की तसं त्यानं लाल गाडीचंही केलं नव्हतं. प्रत्येक जोडावर कथिल, प्रत्येक वायरवर नळी. कामात कुठं खोट राहू नये म्हणून त्याचे हात जणू धडपडत होते.

दिवेलागणीला जीप भिंतीपुढं लावली. सरदार ड्रायव्हरच्या सीटवर बसला.

दिवा लागला की हात जोडायची रीत आपल्याकडं घरोघर आहे. गाडीला नवा दिवा लागला की तांड्यावरचे ड्रायव्हर तेच करतात, गाडीच्या पुढं उभे राहतात आणि पहिल्या उजेडाला नमस्कार करतात. धावजी चप्पल काढून गिट्टीवर जाऊन उभा राहिला. तोंड जीपकडं, पाठ भिंतीकडं.

"लावा चाचा."

आवाज चढला, नाहीसा झाला. उजेड धावजीच्या अंगावर पडला. त्यानं डोळे मिटले, हात जोडले. ओठांवर हसू होतं.

त्याच्या मागं भिंतीवर दोन सावल्या होत्या.

एक धावजीची, जोडलेल्या हातांची. दुसरी तिला लागून, तेवढ्याच उंचीची. म्हणजे ती आता धावजीच्या बरोबरीनं उभी होती, तो होता तिथंच. तिचा उतरलेला खांदा धावजीकडं होता. कानात काही सांगायला माणूस झुकतो ना, तशी ती झुकलेली होती.

धावजीच्या शेजारी गिट्टीवर काही नव्हतं. सरदारनं दोनदा पाहिलं.

तेव्हा बोलता आलं असतं. 'हट तिथून' म्हणता आलं असतं. दिवे बंद करून, काही न सांगता, वायर ओढून काढता आली असती. धावजीनं कधी विचारलंही नसतं. पण मग हे सगळं पुन्हा आपल्या फळीवर येईल, हमीदाच्या घरात येईल, असा विचार सरदारच्या मनात आला. आधी तो आला. धावजीचा विचार त्याच्या मागून आला.

धावजीनं डोळे उघडले. प्रकाशात त्याला काहीच दिसत नसावं. सावल्या त्याच्या पाठीशी होत्या.

"बराबर आहे ना चाचा? रेघेच्या खाली आहे?"

"खाली आहे," सरदार म्हणाला. आणि मग नेहमीसारखं, "जा आता."

६

सुरुवातीला धावजी खूष होता. नाल्यातली गिट्टीनगिट्टी दिसते म्हणाला. रपट्याच्या कडेला बसलेला ससा दिसला म्हणाला.

नंतर एकदा चहा पिताना म्हणाला, "रपट्यावर बाया ओरडते चाचा. थांबव, थांबव, माणूस आहे. मी ब्रेक मारतो. उतरून पाह्यतो तं कोणी नाही."

"फुकटात जाणारा असंल कोणी," सरदार म्हणाला. धावजी हसला. सरदारनं अर्धा कप तसाच खाली ठेवला.

पुढच्या बाजाराला धावजीनं सांगितलं की बाया रपट्याच्या अलीकडंच उतरतात आणि नाला पायी ओलांडतात. मग त्या दुसऱ्याच्या जीपनं जाऊ लागल्या. धावजी रिकामी जीप घेऊन दुकानासमोर बसून राहायचा. सरदारनं त्याच्याकडं पाहायचं सोडून दिलं. मान खाली घालून वायरी सोलत बसायचा, लागत नसल्या तरी.

"चाचा," धावजीनं एकदा हळूच विचारलं, "तुमी लावताना यात काही पाह्यलं का? तुमच्या नजरेतून काही सुटत नाही."

"काचेवर चिखल बसत असंल."

"काच रोज पुसतो मी."

"मग डोळे तपासून घे."

हे बोलून गेल्यावर सरदारला ते परत गिळावंसं वाटलं. पण धावजीनं मान डोलावली. सरदारचं म्हणणं त्याला कधी खोटं वाटलंच नव्हतं.

काही दिवसांनी तो आला तेव्हा त्याच्या नाकावर चष्मा होता. यवतमाळला जाऊन, डॉक्टरला डोळे दाखवून त्यानं तो करून आणला होता. कानामागं दांडी टोचत होती, सवय नव्हती, सारखा हात तिकडं जात होता.

"चष्मा लावूनबी दिसते, चाचा," तो म्हणाला. "आता अजून साफ दिसते. रपट्याच्या मधात राह्यत नाही ते आता. गाडीजवळ राह्यते."

सरदार उठला. "आण इकडं गाडी. काढून टाकतो ते दिवे."

"काढा. पण एकदा भिंतीवर पाहू," धावजी म्हणाला. "त्या दिवशी तुमी सीटवर होते. आज मी बसतो. तुमी समोर उभे राहा."

७

नाही म्हणायला कारण हवं होतं, आणि जे कारण होतं ते सांगता येत नव्हतं.

सूर्य बुडाला होता. सरदार गिट्टीवर जाऊन उभा राहिला. पाठीशी भिंत, समोर जीप. काचेमागं धावजीच्या चष्म्याचे दोन गोल दिसत होते.

आवाज चढला. या बाजूनं तो त्यानं कधी ऐकला नव्हता. दिव्यासमोर उभं राहिलं की तो आवाज दिव्यातून येत नाही, मागून येतो, हे त्याला तेव्हा कळलं. चढत चढत तो नाहीसा झाला आणि उजेडानं त्याचे डोळे गेले. जीप गेली, रस्ता गेला, आपलेच हात दिसेनासे झाले. सगळं पांढरं.

दिवे लागूनच राहिले. तपासायला एवढा वेळ लागत नाही.

डाव्या हाताला, अगदी जवळ, गिट्टी एकदा करकरली. माणूस एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर घेतो, तेवढीच. सरदार मान वळवू शकला असता. कानाला काहीतरी गार लागलं, वारा असावा. झाडं हलत असतील तर वारा, असं त्यानं मनात म्हटलं, पण झाडं त्याला दिसत नव्हती. उजेडात त्यानं डोळे उघडेच ठेवले होते. मिटले तर जवळ काय आहे ते अंगाला कळेल, अशी त्याला भीती होती.

आणि त्याहून मोठी भीती त्या उजेडामागं बसलेली होती. त्या सीटवरून काय दिसतं ते सरदारला माहीत होतं. भिंत पूर्ण दिसते. त्या सीटवर बसून जो रेघ पाहतो त्याला भिंतीवरचं बाकी काही दिसलं नाही, असं होऊच शकत नाही. धावजी शिकलेला नव्हता, पण चाचानं त्या दिवशी काय पाहिलं असेल, एवढं समजायला शिकायला लागत नाही.

"धावजी," त्यानं हाक मारली. "बेटा, बंद कर."

दिवे लागूनच होते.

मग विझले. डोळ्यांपुढं हिरवे गोळे नाचत राहिले. इंजिन थांबलं. जीपचं दार उघडल्याचा आवाज आला, पावलं आली, आणि हळूहळू धावजी दिसू लागला. तो समोर उभा होता. सरदारच्या डाव्या बाजूला त्यानं पाहिलंच नाही. तो फक्त सरदारच्या तोंडाकडं पाहत होता.

सरदारला खूप काही म्हणायचं होतं. हमीदाचं नाव घ्यायचं होतं, फळीवरच्या आवाजाचं सांगायचं होतं, मले वाटलं तुह्या गाडीत येणार नाही म्हणायचं होतं. त्यातलं एकेक त्यानं मनात उचलून पाहिलं आणि एकेक खाली ठेवलं. शेवटी जे उरलं ते बोलण्यासारखं नव्हतं. त्यानं मान खाली घातली.

धावजीनं चष्मा काढला, घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवला. किल्ली जीपलाच होती. दिव्यांना त्यानं हात लावला नाही, जीपलाही नाही. तो वळला आणि रस्त्याच्या कडेकडेनं, अंधारात, पायी तांड्याकडं चालू लागला.